फुगा फुगला म्हणजे यीस्ट वाढले नव्हे: प्रात्यक्षिक-पुस्तिकेच्या अभ्यास समितीस खुले पत्र

प्रति,
जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिक-पुस्तिकेचे काम पाहणारी अभ्यास समिती

स. न. वि. वि.

बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर, थोडे यीस्ट आणि तोंडावर फुगा. हा प्रयोग माहीत नसलेला जीवशास्त्राचा शिक्षक सापडणे कठीण. अर्ध्या-पाऊण तासात फुगा उभा राहतो, वर्गात गलका होतो आणि जर्नलमध्ये ओळ उतरते: ‘निरीक्षण: फुगा फुगला. निष्कर्ष: यीस्टची वाढ झाली.’ प्रयोग छान आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. त्या अर्ध्या तासात पेशींची संख्या जवळजवळ होती तेवढीच राहिलेली असते. फुगा फुगवला तो किण्वनातून (साखर मोडून अल्कोहोल आणि वायू तयार होण्याच्या क्रियेतून) निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने, आणि किण्वन म्हणजे वाढ नव्हे. नव्या आवृत्तीत यीस्टचे प्रयोग शोधाधारित करायचे असतील तर आधी ही गाठ सोडवावी लागेल. नाहीतर विद्यार्थी स्वतः प्रश्न विचारतील, स्वतः प्रयोग आखतील आणि भलतीच गोष्ट मोजतील.

साधा हिशेब मांडतो. कोरड्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये साधारण १,००० ते २,००० कोटी पेशी असतात. १ ग्रॅम यीस्ट १०० मिलि पाण्यात टाकले की दर मिलिलिटरला दहा-वीस कोटी पेशी झाल्या. चांगल्या पोषक माध्यमात भरपूर वाढून झाल्यावर यीस्ट साधारण याच आकड्याला येऊन थांबते. म्हणजे पुस्तिकेतली कृती जिथे सुरू होते, तिथे वाढ संपलेली असते. विरजणच इतके पडते की वाढायला वाव उरत नाही. शिवाय माध्यम म्हणजे नुसते साखरपाणी. साखरेतून ऊर्जा मिळते. नवी पेशी बांधायला मात्र नायट्रोजन, फॉस्फेट, जीवनसत्त्वे लागतात, आणि ती त्या बाटलीत नाहीत.

१८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून रस काढला आणि पेशी नसलेल्या त्या रसानेही साखरेचे किण्वन होते हे दाखवले. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले ते याच कामासाठी. जो वायू एकही जिवंत पेशी नसताना निघू शकतो, तो वाढीचा पुरावा कसा ठरेल?

म्हणून पहिली विनंती: या एका प्रयोगाचे दोन करा. एक किण्वनाचा, एका तासिकेत बसणारा. दुसरा वाढीचा, ज्याला एक दिवस लागतो. दोन्हींची मापे वेगळी, प्रमाणे वेगळी, आणि गंमत म्हणजे उत्तरेही कधी कधी वेगळी.

वाढीच्या प्रयोगासाठी १०० मिलि माध्यमात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिने) २ ग्रॅम आणि ग्लुकोज २ ग्रॅम पुरते. एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोन ९० मिलि पाण्यात विरघळवून घ्यावे, ग्लुकोजचे २० टक्के द्रावण वेगळे करावे आणि दोन्ही ऑटोक्लेव्हमध्ये किंवा प्रेशर कुकरमध्ये १२१ अंशांना १५ मिनिटे निर्जंतुक करावे. थंड झाल्यावर त्या ९० मिलिमध्ये ग्लुकोजचे १० मिलि द्रावण मिसळावे. सगळे एकत्र तापवले तर साखर आणि अमिनो आम्ले एकमेकांशी अभिक्रिया करतात, माध्यम तपकिरी होते आणि पुढे गढूळपणा मोजताना तो रंग आडवा येतो. पेप्टोन मिळत नसेल तर गाळलेला, पारदर्शक फळांचा रस चालतो. फक्त बाटलीवरचे घटक वाचून घ्यावेत. सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट असलेल्या रसात यीस्ट वाढणार नाही, कारण ती रसायने त्यासाठीच घातलेली असतात. (एखाद्या गटाने नकळत असा रस आणला तर तो टाकून देऊ नये. त्यातून फार चांगला प्रश्न निघतो.)

विरजणासाठी १ ग्रॅम कोरडे यीस्ट ३५ ते ४० अंशांच्या १०० मिलि पाण्यावर भुरभुरावे, दहा मिनिटे तसेच राहू द्यावे, मग ढवळावे. थंड पाण्यात भिजवले तर वाळताना आकसलेले पेशीपटल नीट सावरत नाही, आतले पदार्थ बाहेर झिरपतात आणि बऱ्याच पेशी मरतात. ‘यीस्ट खराब निघाले’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते. या मिश्रणातले १ मिलि १०० मिलि माध्यमात टाकले की सुरुवात दर मिलिलिटरला दहा-वीस लाख पेशींपासून होते. तिथून शंभर पट वाढायला जागा आहे. शंभर पट म्हणजे साडेसहाच्या आसपास दुपटी. ३० अंशांना, हलवत ठेवलेल्या चांगल्या माध्यमात यीस्टला दुप्पट व्हायला साधारण ९० मिनिटे लागतात, म्हणजे सुरुवातीचा संथ काळ धरून दहा-बारा तासांचे काम. फ्लास्क न हलवता ठेवला तर पेशी तळाशी बसतात, हवा कमी पडते आणि हाच वेळ बराच लांबतो. फ्लास्कमध्ये माध्यम एक-पंचमांशापेक्षा जास्त भरू नये, म्हणजे १०० मिलिसाठी ५०० मिलिचा फ्लास्क हवा. तोंडाला कापसाचा बोळा.

मोजणीसाठी न्यूबाउर मोजणीपट्टी वापरावी. तिच्या मधल्या मोठ्या चौकोनाची बाजू १ मिमी आणि द्रवाची खोली ०.१ मिमी, म्हणजे त्यात एक मिलिलिटरचा दहा-हजारावा भाग मावतो. हा चौकोन २५ चौकटींत विभागलेला असतो. चार कोपऱ्यांतल्या आणि मधली एक अशा पाच चौकटी मोजायच्या, बेरजेला ५ ने, मग १०,००० ने आणि मग विरलनाने गुणायचे. समजा नमुना दहा पट पातळ केला होता आणि पाच चौकटींत मिळून ८४ पेशी आल्या. ८४ × ५ × १०,००० × १०, म्हणजे दर मिलिलिटरला ४ कोटी २० लाख. पातळ करणे का टाळता येत नाही तेही इथेच दिसते. दहा कोटींचा नमुना तसाच घेतला तर एका चौकटीत ४०० पेशी येतात आणि विद्यार्थी अंदाजे आकडा ठोकून देतो.

या पट्टीवर चुका ठरलेल्या आहेत. तिच्याबरोबर येणारी जाड कव्हरस्लिपच वापरायची. साधी पातळ कव्हरस्लिप वाकते, खोली ०.१ मिमी राहत नाही आणि सगळा गुणाकार वाया जातो. जाड काच नीट बसली की दोन्ही कडांना इंद्रधनुषी वलये दिसतात. ती दिसेपर्यंत द्रव सोडू नये. नमुना घेण्याआधी फ्लास्क घुसळायचा, पिपेटमधला पहिला थेंब टाकून द्यायचा. चौकटीच्या वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या पेशी धरायच्या, खालच्या आणि उजव्या रेषेवरच्या सोडायच्या. कलिका (अंगातून कोंबासारखी निघणारी नवी पेशी) फुटलेली पेशी एक धरायची की दोन? कोणताही नियम चालतो, पण तो मोजणीआधी ठरवून लिहून ठेवला पाहिजे. ‘कलिका मातृपेशीच्या निम्मी किंवा मोठी असेल तर दोन’ हा सोयीचा. हा नियम पुस्तिकेने छापू नये. दोन गटांचे आकडे जुळत नाहीत म्हणून वर्गात भांडण होते आणि त्यातून नियम ठरतो, तेव्हा तो विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसतो.

मेलेल्या पेशी ओळखायला मेथिलिन ब्लू पुरते: ०.०१ टक्के, २ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये, नमुन्याइतकेच घालायचे. जिवंत पेशी रंग निष्प्रभ करतात आणि रंगहीन राहतात, मेलेल्या निळ्या होतात. पाच-दहा मिनिटांत मोजून मोकळे व्हावे, कारण जास्त वेळ ठेवले तर जिवंत पेशीही निळ्या दिसू लागतात. रंगामुळे नमुना दुप्पट पातळ झाला हे विसरले की उत्तर बरोबर निम्मे येते. ही चूक ओळखायला सोपी आहे आणि दर वेळी होते.

आता त्या ८४ कडे परत या. यादृच्छिक विखुरलेल्या वस्तू मोजताना आकड्याच्या वर्गमूळाइतकी चूक अंगभूतच असते. ८४ चे वर्गमूळ ९ च्या आसपास, म्हणजे ११ टक्के. एका गटाला ८४ आणि दुसऱ्याला ९२ मिळाले, तर त्या दोघांत फरक आहे असे म्हणताच येत नाही. ४०० पेशी मोजल्या तर चूक ५ टक्क्यांवर येते. हे गणित पुस्तिकेत अर्ध्या पानात बसेल आणि आमच्या मते यीस्टच्या अख्ख्या प्रकरणात तेच सर्वात मोलाचे आहे. कलरीमीटर (द्रावणाने किती प्रकाश अडवला ते मोजणारे उपकरण) असेल तर ६०० नॅनोमीटरला गढूळपणा मोजता येतो. काम झटपट होते, पण शोषणाचा आकडा ०.४ ते ०.५ च्या वर गेला की तो पेशींच्या संख्येबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. अशा वेळी नमुना पातळ करून मोजावा. आणि गढूळपणा जिवंत-मेलेले ओळखत नाही.

वेळापत्रकाची अडचण आम्हाला मान्य आहे. बारा तास वाढणारा जीव पाऊण तासाच्या तासिकेत कसा बसवायचा? उलट्या दिशेने. एकच विरजण करून फ्रिजमध्ये ४ अंशांना ठेवायचे आणि एकसारख्या फ्लास्कमध्ये ते वेगवेगळ्या वेळी टाकायचे: तासिकेच्या १२ तास आधी, १० तास आधी, मग ८, ६, ४, २ आणि शेवटचा ऐन वेळी. तासिकेला सातही फ्लास्क टेबलावर असतात, प्रत्येक गट एक मोजतो आणि फळ्यावर पूर्ण आलेख उभा राहतो. रात्री फ्लास्क लावणे शक्य नसेल तर दुसरी वाट अशी की एकाच फ्लास्कमधून दर दोन तासांनी १ मिलि काढून थेट बर्फात ठेवायचे. थंडीत वाढ जवळजवळ थांबते आणि दुसऱ्या दिवशी सगळे नमुने एकदम मोजता येतात. पेशींची संख्या लॉगरिदमिक अक्षावर मांडायला सांगा. साध्या कागदावर इंग्रजी ‘एस’सारखी वळणदार रेषा दिसते, लॉग कागदावर मधला भाग सरळ होतो आणि दुपटीचा काळ त्यावरून थेट वाचता येतो.

जिथे मायक्रोस्कोपच नाही, तिथे आकडे तरी खरे द्या. टॉर कार्लसन यांनी १९१३ मध्ये यीस्टच्या वाढीची तासागणिक मोजमापे प्रसिद्ध केली आणि पुढे जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी ती लोकसंख्येच्या वक्रासाठी वापरली. यीस्टचे प्रमाण असे: सुरुवातीला ९.६, चौथ्या तासाला ७१.१, सातव्याला २५७.३, आठव्याला ३५०.७, दहाव्याला ५१३.३, अठराव्याला ६६१.८. सर्वात मोठी उडी सातव्या आणि आठव्या तासांच्या मधली, ९३.४ ची, आणि ती शेवटच्या पातळीच्या निम्म्याच्या आसपास येते. असे का, हे विद्यार्थ्यांना विचारा आणि उत्तर छापू नका.

किण्वनाच्या प्रयोगात फुग्याला निरोप द्यावा, ही दुसरी विनंती. फुगा ताणायलाच आधी दाब लागतो, रबरातून कार्बन डायऑक्साइड झिरपतो आणि फुग्याचा घेर मोजून आकारमान काढणे म्हणजे अंदाजपंचे काम. शिवाय दोन छुपे भिडू आहेत. एक म्हणजे पाणी. ३० अंशांना १०० मिलि पाणी सुमारे ७० मिलि कार्बन डायऑक्साइड पोटात ठेवू शकते; २० अंशांना सुमारे ९०, ४० अंशांना सुमारे ६०. थंड बाटलीतला फुगा उशिरा उभा राहतो, त्याचे थोडे श्रेय पाण्यालाही जाते. दुसरी म्हणजे बाटलीतली हवा. १५० मिलि हवा २५ वरून ४० अंशांवर गेली की सात-साडेसात मिलिने फुगते. यीस्ट न घातलेली बाटली शेजारी ठेवली तर तीही ‘वायू’ देते. ती बाटली पुस्तिकेत नाही.

फुग्याऐवजी वजन करावे. फ्लास्कच्या तोंडाला कापूस लावून तो ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवायचा आणि बाहेर गेलेल्या वायूचे वजन घट म्हणून मोजायचे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १०० मिलिमध्ये ५ ग्रॅम ग्लुकोज असेल तर घट जास्तीत जास्त २.४ ग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. वाचन करण्याआधी फ्लास्क हलक्या हाताने फिरवावा, म्हणजे विरघळलेला वायू सुटतो. बाष्पीभवनानेही वजन घटते, म्हणून तेवढ्याच साखरपाण्यात उकळून मारलेले यीस्ट घातलेला जोडीचा फ्लास्क हवाच. काटा नसेल तर वायू नळीने पाण्याखालच्या उलट्या मोजपात्रात गोळा करावा. त्या पाण्यात मीठ विरेल तेवढे विरवावे, म्हणजे वायू त्यात कमी मुरतो.

आता शोधाकडे. कृती पुसून टाकून ‘तुम्हीच शोधा’ म्हटले की प्रयोग शोधाधारित होतो, असा समज काही मसुद्यांत दिसतो. तसे होत नाही. विद्यार्थी गोंधळतो, शिक्षक हळूच कृती सांगतो आणि सगळे मूळ पदावर येते. मोजायचे कसे हे पक्के शिकवावे, अगदी घोटून घ्यावे. काय तपासायचे ते मोकळे सोडावे. प्रश्न सुचायला एक खटकणारे दृश्य पुरते. चार परीक्षानळ्या घ्या: यीस्टबरोबर ग्लुकोज, यीस्टबरोबर सुक्रोज, यीस्टबरोबर लॅक्टोज आणि साखर नसलेले यीस्ट. पहिल्या दोन फेसाळतात. लॅक्टोजची जवळजवळ गप्प असते, कारण हे यीस्ट लॅक्टोज तोडू शकत नाही. पण बिनसाखरेच्या नळीतही थोडे बुडबुडे येतात! पेशींनी साठवलेल्या ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजेनमधून ते आलेले असतात. ही चौथी नळी नसेल तर लॅक्टोजच्या नळीतले तेवढेच बुडबुडे पाहून विद्यार्थी लिहितो, ‘लॅक्टोज थोडे वापरले.’ पुढे कोणी लॅक्टेज (लॅक्टोज तोडणारे विकर) घालून बघू म्हणाला तर उत्तम, पण लॅक्टेजच्या गोळीत भरणीला दुसरी साखर असू शकते. म्हणून यीस्ट आणि लॅक्टेज, लॅक्टोज नाही, अशी आणखी एक नळी लागेल. ही गरज विद्यार्थ्याच्या तोंडून यायला हवी. त्यासाठी थांबावे लागले तरी थांबावे.

तापमानाचा प्रयोग तर या पत्राचा मुद्दा एकटाच सिद्ध करतो. तासाभराचा वायू मोजला तर ४० अंशांच्या आसपासची नळी पुढे असते. दिवसभराची वाढ मोजली तर ३० अंशांच्या आसपासचा फ्लास्क पुढे जातो. ‘यीस्टसाठी योग्य तापमान किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि छापील पुस्तिका एकच उत्तर मागते. इथे नेहमीची गफलत अशी की नळी पाण्यात ठेवल्या क्षणी वेळ सुरू केली जाते. १० मिलिच्या नळीलाही बाहेरच्या पाण्याइतके तापायला काही मिनिटे लागतात. यीस्ट आणि साखर वेगवेगळे तापवून मगच एकत्र करावे.

तीन-तीन नळ्या घ्याव्यात हे सगळेच लिहितात. पण एकाच बीकरमधले यीस्ट तीन नळ्यांत ओतले तर ती फक्त पिपेटची परीक्षा होते. तीनदा स्वतंत्र वजन, तीनदा स्वतंत्र भिजवणे, तेव्हाच ती तीन वाचने.

वरच्या वर्गांसाठी एक प्रश्न सुचवतो: वाढ थांबते ती कशाने? साखर संपली, नायट्रोजन संपला की अल्कोहोल साचले? दोन दिवस वाढलेल्या फ्लास्कमधले यीस्ट खाली बसू द्यावे, वरचे नितळ द्रावण काढून त्याचे चार भाग करावेत. एकात ग्लुकोजचे द्रावण, दुसऱ्यात पेप्टोनचे, तिसऱ्यात दोन्ही, चौथ्यात तेवढेच पाणी. शिवाय ताज्या माध्यमात ५ टक्के अल्कोहोल घातलेला एक फ्लास्क आणि ताज्या माध्यमाचा साधा एक. सगळ्यांत सारखेच ताजे विरजण. द्रावणांचे आकारमान सगळीकडे समान ठेवले नाही तर पातळ होण्याचा परिणाम आणि अन्नाचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. निकाल सुरुवातीच्या साखरेवर अवलंबून राहतो, त्यामुळे शेजारच्या गटाकडून उत्तर उतरवून घेता येत नाही.

गुणांबद्दल थोडेच. ‘अपेक्षित निष्कर्ष’ जुळला की पूर्ण गुण, ही पद्धत राहिली तर वरचे सगळे कागदावरच राहील, कारण विद्यार्थी आकडे जुळवून आणील. नियंत्रण नळी (तुलनेसाठी ठेवलेली नळी) का निवडली, मोजणीचा नियम काय ठरवला, चूक किती धरली आणि फसलेल्या वाचनाचे कारण काय सुचले, यांना गुण द्या. न खोडलेला, विचित्र आकडा जर्नलमध्ये दिसला तर तो गुणांना पात्र समजावा.

सुरक्षिततेच्या पानावर तीन ओळी हव्यात. किण्वन चालू असलेली बाटली घट्ट बुचाने कधीही बंद करू नये. दाबाने काच फुटते. प्रयोगातले काहीही चाखू नये. आणि वाढवलेले द्रावण ओतून देण्याआधी वीस मिनिटे उकळावे किंवा त्याच्या एक-दशांश घरगुती ब्लीच घालून अर्धा तास ठेवावे.

‘निष्कर्ष: यीस्टची वाढ झाली’ ही छापील ओळ काढून तिथे कोरी जागा सोडावी, आणि तिच्या वर चार रकाने आखावेत: काय मोजले, किती वेळा मोजले, नियंत्रणात काय आले, फरक चुकीपेक्षा मोठा आहे का. मसुद्यात बसवायला कृती, तक्ते आणि प्रमाणे लिहून देण्याची आमची तयारी आहे.

कळावे,

आपले,
प्रयोगशाळेत जीवशास्त्र शिकवणारे काही शिक्षक